डॉक्टर त्सांग लो यांचा मुक्काम

७ ऑक्टोबर १९२८, रविवार

विनी म्हणते, "फुंग, तुझ्या तोंडाला झाकण नाही. मनात आलं की गिऱ्हाइकाला सांगून मोकळा. त्यापेक्षा लिहीत जा. कागद चुगली करत नाही." बायकोचा हुकूम, म्हणून ही वही. नाहीतर आठ वर्षं खानावळ चालवणाऱ्या माणसाकडे लिहिण्यासारखं असतं काय? भात, डुकराचं मांस, खारा मासा. उद्या पुन्हा भात.

पण आज लिहिण्यासारखं घडलं. दुपारी ती शहर दाखवणारी सहलीची मोटार आम्हा चिन्यांच्या गल्लीत आली. पार्किन नावाचा तो लालबुंद माणूस तोंडाला कर्णा लावून ओरडत होता, "सभ्य स्त्रीपुरुषहो, याच गल्लीत, यातल्याच एका दारामागे राहतो डॉक्टर त्सांग लो!" मोटारीतल्या बायका लगेच एकमेकींना बिलगल्या.

हा डॉक्टर म्हणजे साप्ताहिकातल्या गोष्टीतला. विषारी कोळी पाळतो, नजरेनं माणसं बांधून ठेवतो, गोऱ्या मुली नाहीशा करतो आणि सगळं जग घशात घालायला निघालेला असतो. दर गोष्टीच्या शेवटी मरतो, पुढच्या गोष्टीत पुन्हा हजर. लिहिणारा कधी आमच्या गल्लीत आला असेल असं वाटत नाही. त्सांग हेही आडनाव, लो हेही आडनाव. आईबापांनी बिचाऱ्याचं नावच ठेवलं नाही.

मी दारात कांदे सोलत होतो. एका बाईनं वाकून विचारलं, "ऐक रे, तो खरंच इथं असतो का?"

का बोललो कोण जाणे, पण बोललो. "वरच्या खोलीत. आत्ता झोपलेत."

सगळी मोटार गप्प झाली. तीसेक माणसं आमच्या वरच्या खिडकीकडे बघत राहिली. खिडकीत विनीचं धुतलेलं फडकं वाळत होतं. त्या फडक्याकडेही ती माणसं अशी बघत होती की मीही मान वर करून बघितलं.

संध्याकाळी पार्किन एकटाच परत आला. म्हणाला, "शनिवार-रविवार त्यांना जागं ठेवता येईल का?"

१० ऑक्टोबर

डॉक्टर व्हायला माणूस एकच आहे, आमचे भाडेकरू तामकाका. सगळं आयुष्य बोटीवर कपडे धुण्यात आणि इस्त्री करण्यात गेलं. आता इथल्या खलाशांचे शर्ट धुतात. उंच, काटक, पाठ बांबूसारखी ताठ. रस्त्यात इंग्रज त्यांना धडकतात आणि माफीही मागत नाहीत. दिव्याच्या खांबाला धडकले तर मागतात.

मी विचारलं तर म्हणाले, "माझ्या आईनं मला भूत व्हायला नाही वाढवलं."

विनी इथलीच, गोरी; ती माझ्यावरच उखडली. "बारा वर्षं झाली तुझ्याशी लग्न करून. माझा भाऊ अजून बोलत नाही माझ्याशी, कशामुळे? असल्याच गोष्टी वाचून! आणि तू आपल्याच हातानं आपल्या तोंडाला काळं फासायला निघालास?"

मी म्हटलं, गंमत आहे. ती म्हणाली, गंमत तुझी, दगड आपल्या काचेला.

ती भांडून आत गेल्यावर काकांनी हातातला शर्ट इस्त्री करून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "एकदा बसून बघतो. डोळ्याला डोळा देतात का ते तरी कळेल."

१४ ऑक्टोबर, रविवार

काय लिहू!

वरच्या खोलीत लाल पडदे लावले, उदबत्त्या लावल्या. सोनेरी नक्षीचा झगा गहाणवटवाल्याकडून आणला. काकांनी तो उलगडला आणि म्हणाले, "अरे फुंग, हा नवरीचा आहे." मी म्हटलं, "इथं कुणाला कळतंय?" मिशा खुर्चीच्या गादीतल्या घोड्याच्या केसांच्या, नखं हंसाच्या पिसांच्या देठांची. मी त्यांना भयंकर वाक्यं पाठ करून दिली होती: "मूर्खांनो, हे जग माझं आहे," वगैरे.

काका त्यातलं एकही बोलले नाहीत. माणसं हसत, ढकलाढकली करत जिना चढली, दारात पोचली आणि थबकली. काका नुसते बसले होते. त्यांनी सावकाश चहा ओतला. मग मान वर करून एकेकाकडे बघितलं. घाई नाही, राग नाही. छातीवर लढाईची पदकं लावलेल्या एका धिप्पाड माणसाला त्यांनी विचारलं, "कुठून आलात?"

तो माणूस शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. "क्रॉयडनहून, सर."

सर! या देशात आमच्यातल्या कुणाला कुणी सर म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. डॉक्टरला म्हणाले. जो नाहीच, त्याला.

माणसं निघून गेल्यावर मी वर धावलो. "काका, काय केलंत तुम्ही?"

"काही नाही. बघितलं."

"नुसतं बघून माणूस असा लटपटेल?"

मिशी सोडवता सोडवता काका म्हणाले, "दिला रे. सगळ्यांनी डोळ्याला डोळा दिला."

२७ ऑक्टोबर

आता तो सगळीकडे दिसायला लागलाय. आधीही असणार, माझं लक्ष नव्हतं. न्हाव्याच्या भिंतीवर, साबणाच्या जाहिरातीत ("डॉक्टरच्या कारस्थानांनाही धुऊन काढतो!"), सिनेमाघरावरच्या दुमजली चित्रात. तिथं पिवळा रंग फासलेला कुणी गोरा नट डोळे तिरपे करून बसलाय. पोरी दोरीवर उड्या मारताना त्याच्या नावाचं गाणं म्हणतात. परवा दुधवाल्याचा घोडा अडून बसला तर दुधवाला म्हणाला, "डॉक्टरला देऊन टाकीन हं!" घोडा चालायला लागला. विनी म्हणते योगायोग. असेल.

मी विचार करतो. आम्ही इथं वीस-वीस वर्षं राहतो, जेवू घालतो, कपडे धुतो, आणि कुणी विचारलं तर इथला माणूस आमच्यातल्या एकाचं नाव सांगू शकणार नाही. आणि हा, जो कधी जन्मालाच आला नाही, त्याला घोडासुद्धा ओळखतो. केवढी शक्ती म्हणायची ही!

आज एक म्हातारी घोळक्यातून मागं राहिली. काकांना म्हणाली, "तुम्ही विषं बनवता म्हणतात. मग औषधंही येत असतील. आमच्या ह्यांना खोकला आहे." काकांनी मला खडीसाखर घालून उकडलेली नासपती आणायला पाठवलं. बाई त्यांच्यापाशी बसून नवऱ्याबद्दल बोलत राहिली. पाद्रीबाबालाही सांगणार नाही असलं काहीबाही. काका ऐकत होते. असे बरेच जण हल्ली मागं राहतात.

५ नोव्हेंबर

आज गाय फॉक्सची शेकोटी; राजाला उडवायला निघालेल्या त्या जुन्या बंडखोराचा पुतळा इंग्रज दर वर्षी जाळतात. कोपऱ्यावरच्या पोरांनी यंदा फॉक्सऐवजी डॉक्टर केला होता. चिंध्यांचा, पिवळ्या तोंडाचा, दिव्याच्या खांबापेक्षा उंच. पोरं परवा माझ्याकडेच येऊन म्हणाली होती, "मिस्टर फुंग, एक चिनी वेणी द्या ना, तुमच्याकडे असेलच." मी दोरखंड दिला काळा रंगवून.

पेटला तेव्हा अख्खा मोहल्ला ओरडला. ज्वाळा त्याच्या तोंडापर्यंत गेल्या आणि क्षणभर तो हसल्यासारखा दिसला. मग डोकं तुटून निखाऱ्यात पडलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. विनीनं माझा हात धरून खाली केला तेव्हा कळलं.

घरी आलो तर काका खिडकीशी उभे. "मेला का?"

"मेला."

"बरं. शनिवारी बसायचंय ना?"

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

आज भर पावसात एक मुलगी आली. आयव्ही नाव, वीस-एक वर्षांची. मुरंब्याच्या कारखान्यात काम करते. विचारायला नकोच, दोन्ही मनगटांवर आलुबुखाऱ्याचे बोटाबोटांएवढे जांभळे डाग होते. शनिवारच्या घोळक्यात ती येऊन गेली होती.

म्हणाली, "डॉक्टर मुली नाहीशा करतात ना? मला करायला सांगा."

मला हसूच आलं. "अगं बाई, ते नाटक आहे. डॉक्टर नाहीत. शर्ट धुतात ते."

ती जागची हलली नाही. "मग शर्ट धुणाऱ्यांनाच बोलवा."

काका मागच्या बाजूनं हात पुसत आले. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग हातांकडे. "तिला बसू दे, फुंग." विनीनं चहा ठेवला आणि स्वयंपाकघराचं दार माझ्या तोंडावर लावलं. "तू दुकान बघ."

तिघं बराच वेळ बोलत होते. मी दाराला कान लावला, तेवढ्यात दोन खलाशी जेवायला आले. नंतर विनीला विचारलं तर म्हणाली, "बायकांचं होतं काही." मग काका आत काय करत होते?

२० नोव्हेंबर

विशेष काही नाही. विनी चर्चमधल्या कुणाला तरी स्टेशनवर सोडायला सकाळीच गेली. तिची तपकिरी टोपी आणि चांगला कोट सापडत नाही. म्हणते, गरिबांना दिला. थंडी तोंडावर आली असताना? बायकांच्या दानधर्माला ताळतंत्र नसतं.

२२ नोव्हेंबर

आयव्ही नाहीशी झाली.

मुरंब्याच्या कारखान्यातली सगळी कामगार मंडळी तेच बोलतायत. मंगळवारपासून पत्ता नाही. तिचा सावत्र बाप स्टॅग, नदीतल्या सपाट होड्या चालवणारा, गुत्त्यागुत्त्यात सांगत फिरतोय की त्या चिनी राक्षसानं पोर पळवली. कसायानं मला आज मांस दिलं, पण डोळे वर केले नाहीत.

मी वर जाऊन सगळी खोली धुंडाळली. पडद्यामागे, बाकाखाली. काय शोधत होतो? मीच त्या नखांना खळ लावली होती ना? तरी शोधलं.

काका इस्त्री करत होते. मी विचारलं, "काका, तिनं तुम्हाला नाहीशी करायला सांगितलं होतं. तुम्ही... म्हणजे तुम्हाला तसं काही येतं का?"

काकांनी इस्त्री उभी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर. मी दोन पावलं मागं सरलो.

"जेवलास का?" ते म्हणाले.

विनी म्हणाली, "फुंग, तू फक्त तोंड बंद ठेव." मी म्हटलं, "पण झालं काय?" ती म्हणाली, "तुला कळलं तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळेल. म्हणून तुला काही कळायला नको." म्हणजे तिलाही काकांची भीती वाटते. दुसरा अर्थ काय लावायचा?

२५ नोव्हेंबर, रविवार

जिवंत आहोत. आधी ते लिहितो.

दुपारी चर्च सुटल्यावर जमाव आला. लढाई संपल्याच्या पुढच्या वर्षी असेच आले होते, तेव्हा समोरच्या धुलाईवाल्याचं सामान रस्त्यात जाळलं होतं. मी खुर्च्या दाराला लावल्या. पुढे स्टॅग होता, होड्या ओढायचा लोखंडी आकडा हातात घेऊन. "बाहेर काढ त्याला! माझी पोर कुठाय?" पहिला दगड आला आणि पुढची काच गेली. विनी चुलीची सळई घेऊन उभी राहिली आणि जन्मात ऐकल्या नव्हत्या अशा शिव्या तिनं हासडल्या. "हॅरी स्टॅग, तुझ्यासारख्याला मी घाबरेन होय रे? ये पुढं!"

मग जिन्यावर पावलं वाजली.

काका पूर्ण वेषात होते. झगा, मिशा, नखं, सगळं. मी म्हटलं, "काका, आज नको! आज तर अजिबात नको!" त्यांनी मला हातानं बाजूला केलं, खुर्च्या ओढल्या, दार उघडलं आणि बाहेर पाऊल टाकलं.

असली शांतता मी खलाशी होतो तेव्हा समुद्रावरही ऐकली नव्हती. वारा पडावा तसा आवाज पडला. दगड उचललेला एक हात तसाच वर राहिला. कुणीतरी कुजबुजलं, "डोळ्यात बघू नका त्याच्या." पुढची रांग मागं सरली, मागची आणखी मागं. रस्त्याच्या मधोमध एकटा स्टॅग उरला. काका त्याच्याकडे चालत गेले. सावकाश. आकड्याच्या टोकापर्यंत, मग त्याच्याही आत. आणि त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले.

मला शेवटचे शब्द तेवढे ऐकू आले. "...मला सगळं माहीत आहे. सगळं." गोष्टीतला डॉक्टर अगदी हेच म्हणतो! मी पाठ करून दिलं होतं, तेव्हा बोलले नव्हते.

स्टॅगच्या तोंडावरचा रंग उतरला. हातातला आकडा आपोआप खाली आला. काका मग जमावाकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "मुलीची आई कोण?"

मागून एक ठेंगणी बाई पुढे आली, शाल घट्ट आवळलेली. सगळे खाली बघत होते, ती एकटी सरळ काकांच्या डोळ्यात बघत होती. काकांनी तिच्याकडे बघून मान किंचित झुकवली. बाईनं डोळे मिटले. मग तिनं वळून नवऱ्याला म्हटलं, "घरी चल, हॅरी." आणि तो गेला! गोगलगायीसारखा गेला तिच्यामागून. त्याच्यामागून हळूहळू सगळे पांगले.

पन्नास माणसं, दगड, लोखंड, आणि त्यांना थोपवलं कुणी? जो नाहीच अशा माणसानं.

आत आल्यावर काकांच्या हातांना असा कंप सुटला की झग्याची गाठ सुटेना. परसात जाऊन ओकले. विनी त्यांची पाठ चोळत बसली. अंगात आलेला डॉक्टर उतरताना माणसातली सगळी ताकद घेऊन जात असावा.

३० नोव्हेंबर

पोलीस येऊन गेले. फरशीसुद्धा उचकटून पाहिली. भाताच्या गोणीत हात घातले. काही मिळालं नाही. सार्जंट काकांना म्हणाला, "मुलगी कुठं आहे, माहीत आहे?"

काका गप्प.

मी म्हटलं, "अहो काका, नाही म्हणा ना! एक शब्द, सुटाल."

काका मला आमच्या बोलीत म्हणाले, "खोटं कसं बोलू?"

हे काय उत्तर झालं? सार्जंटला बोली कळत नव्हती म्हणून बरं. तो म्हणाला, पुरावा नाही, पण परक्या माणसाला देशाबाहेर घालवायला पुरावा लागतोच असं नाही. पहिल्या बोटीनं आपणहून निघा, नाहीतर आम्ही घालवू. विनीनं सार्जंटला दारापर्यंत शिव्या घातल्या. काका म्हणाले, "जाऊ दे, पोरी. म्हाताऱ्याला गाव बघायचंच होतं." त्यांच्या गावात आता कुणी उरलं नाही, हे मला ठाऊक आहे.

रात्रभर विचार केला. ही कल्पना माझी. झगा मी आणला. उठून काकांना तसं म्हणालो तर म्हणाले, "तू खोली दिलीस, फुंग. खोली नसती तर ते दार कुणी ठोठावलं असतं?" मला काही अर्थ लागला नाही. मोठ्या मनाचा माणूस, एवढंच समजलं.

५ डिसेंबर

वरची खोली बंद आहे, तरी माणसं रोज येतात. काच फुटलेली बघतात, तिला हात लावतात. पार्किन कर्ण्यातून सांगतो, "याच जागी डॉक्टरनं नुसत्या नजरेनं दोनशे माणसं परतवली!" साप्ताहिकात म्हणे नवी गोष्ट येतेय, तिच्यात असलाच प्रसंग आहे. आमचंच आम्हाला विकतील.

विनीच्या बहिणीची स्वानसीहून खुशाली आली. तिच्या चहाच्या दुकानाला एक चांगली कामसू मुलगी मिळाली म्हणे, दमलेली होती पण आता गालांवर रंग आलाय. नशीब लागतं. इथं भांडी घासायला कुणी मिळत नाही. विनी पत्र वाचून हसली आणि लगेच काकांना सांगायला वर गेली. काकांना तिच्या बहिणीचं काय एवढं?

११ डिसेंबर, मंगळवार

आज काका गेले.

गोदीच्या फाटकाशी ही गर्दी! डॉक्टर निघालाय हे कसं कुणास ठाऊक सगळीकडे पसरलं होतं. (मी फक्त न्हाव्याला बोललो होतो.) पार्किननं दोन मोटारी आणल्या होत्या. पोरं बापांच्या खांद्यावर. काका त्यांच्या आखूड कोटात, पाठीवर खलाशाची पिशवी घेऊन, आमच्या दोघांच्या मधून चालत होते. कुणी बघितलंच नाही त्यांच्याकडे. एकजण त्यांना धक्का देऊन पुढे घुसला आणि मलाच विचारलं, "ए, डॉक्टर कधी येणार?"

आणि मग गर्दीतून ती ठेंगणी बाई बाहेर आली. मिसेस स्टॅग. नवरा बरोबर नव्हता. मिशा नाहीत, झगा नाही, तरी ती सरळ काकांसमोर येऊन उभी राहिली. तिनं त्यांचा हात, इस्त्रीनं भाजलेला, दोन्ही हातांत घेतला आणि आपल्या गालाला लावला. तसाच धरून ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकांनी दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

पोर गेली त्या बाईची, आणि ती त्याच हाताला गाल लावून उभी! गोष्टीत लिहिलंय ते खरंच आहे म्हणायचं, नजरेनं बांधलेला माणूस कधी सुटत नाही. मी विनीला हळूच म्हटलं, "बघ, अजून अंमल आहे तिच्यावर." विनीनं माझ्याकडे बघितलं. रडत होती, त्यात हसायला लागली. "फुंग, देवानं तुला मला दिलं ते माझी परीक्षा बघायला."

भोंगा वाजला. काका शिडी चढून दिसेनासे झाले. बोट धक्क्यापासून सुटली तेव्हा पार्किन मोटारीच्या टपावर चढला आणि कर्णा लावून ओरडला, "तो पाहा! वर! तो पाहा!"

बोटीच्या सगळ्यात वरच्या सज्ज्यावर, धुराड्याच्या धुरात, एक उंच काळी आकृती उभी होती. कप्तान असेल, सुकाणूवाला असेल. गर्दीनं एकदम श्वास आत घेतला. पुरुषांनी नकळत टोप्या काढल्या. एक पोर रडायला लागलं. ती आकृती हलत नव्हती, नदीवर, शहरावर, आम्हा सगळ्यांवर नजर ठेवून उभी होती. मीही टोपी काढली.

विनी एकटी खाली बघून हात हलवत होती. खालच्या डेकवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून, कुणीतरी हात हलवत असावं.

मी तिकडे बघेपर्यंत बोट वळली होती.